आधी थर काढा, मग औषध बदला

भाजल्यानंतर जखमेवर उरलेली मृत त्वचा जंतूंना आयते खाद्य पुरवते. तिथे रक्तपुरवठा नसल्याने शिरेतून दिलेले प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही. पहिल्या दोन दिवसांत केसांच्या मुळांशी तग धरलेले स्टॅफिलोकोकस वाढतात. आठवडा सरता सरता स्युडोमोनास, क्लेबसिएल्ला आणि असिनेटोबॅक्टर त्यांची जागा घेतात. मोठी रुग्णालये मात्र दूर असतात: माळशिरससारख्या तालुक्याच्या गावाहून सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर, पुणे त्याहूनही लांब. त्यामुळे चुलीवरचे आधण किंवा गुऱ्हाळातला उकळता रस अंगावर सांडलेल्या रुग्णाची पहिली मलमपट्टी गावातल्या दवाखान्यातच होते. जखम पुढे कोणत्या वळणाने जाईल, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

स्युडोमोनास जखमेला चिकटला की काही तासांतच शर्करांचा आणि डीएनएचा बुळबुळीत स्राव सोडून स्वतःभोवती थर रचू लागतो. हीच बायोफिल्म. थराच्या तळाशी प्राणवायू कमी असल्याने तिथले जंतू जवळजवळ सुप्त राहतात आणि वाढत्या पेशींवर मारा करणारी औषधे त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरतात. मोकळ्या जंतूंच्या तुलनेत त्यांना मारण्यासाठी शेकडो पट औषध लागू शकते. प्रयोगशाळेतील नेहमीची चाचणी मात्र मोकळ्या जंतूंवरच होते. म्हणूनच अहवालात ‘सेन्सिटिव्ह’ ठरलेले औषध देऊनही हिरवट पू थांबत नाही.

थरामुळे मिळणारे हे संरक्षण थर मोडला की बरेचसे संपते. जनुकांतून आलेला प्रतिरोध मात्र पिढ्यानपिढ्या टिकतो. कार्बापेनेम गटाची प्रतिजैविके निकामी करणाऱ्या एनडीएम-१ विकराची नोंद २००९ मध्ये झाली. त्याचे जनुक प्लाझ्मिडवरून एका जंतूतून दुसऱ्यात जाते आणि दाटीवाटीच्या थरात ही देवाणघेवाण आणखी सोपी होते. कार्बापेनेमला न जुमानणारा असिनेटोबॅक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत सर्वोच्च धोक्याच्या गटात आहे.

म्हणून केवळ औषधावर भिस्त न ठेवता उपचाराची सुरुवात पाण्याने व्हावी. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप लावू देऊ नये. संसर्गाची लक्षणे नसताना ‘खबरदारी’ म्हणून प्रतिजैविक देऊ नये. त्याने संसर्ग टळत नाही, फक्त प्रतिरोधी जंतू निवडले जातात. प्रत्येक ड्रेसिंगला मृत ऊती आणि साका काढून जखम सलाइनने धुवावी. स्वॅब त्यानंतरच घ्यावा: स्वच्छ भागावर एक चौरस सेंटिमीटर जागेत, ऊतीतील द्रव येईल इतका दाब देऊन, पाच सेकंद फिरवत. वरवरच्या पुवाचा स्वॅब दिशाभूल करतो. सिल्व्हर सल्फाडायझिनचा एकच डबा अनेकांना वापरणे म्हणजे स्युडोमोनास वाटणे. प्रत्येक रुग्णाची ट्यूब वेगळी हवी.

खोल जखमेत मृत त्वचा लवकर छेदून त्वचारोपण करणे, हाच बायोफिल्मवरचा सर्वांत खात्रीचा इलाज. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी त्वचापेढी उभी केली, तसेच निर्जंतुक केळीच्या पानाचे स्वस्त ड्रेसिंगही रुजवले. जखम झाकणे हाही जंतुरोधच, हे त्यातून दिसते. चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रिये भाजली असतील, अथवा दहा टक्क्यांहून अधिक शरीर भाजले असेल, तर रुग्ण लगेच पुढे पाठवावा. ताप, आजूबाजूला पसरणारी लाली किंवा जखमेवर काळे-जांभळे डाग दिसले तर कल्चर घेऊन लगेच प्रतिजैविक सुरू करावे आणि अहवाल येताच त्यानुसार औषध नेमके करावे.