ड्रॉवरमधली खाण

नवा फोन घ्यायचा की नाही, या गहन प्रश्नावर गेल्या आठवड्यात माझ्या तीन संध्याकाळी खर्ची पडल्या. जुना ठीक चालतो, फक्त व्हायब्रेट होताना मिक्सरसारखा घरघरतो. त्यातल्याच एका संध्याकाळी चार बंगल्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून नव्या मॉडेलचे रिव्ह्यू वाचत होते. मान वर केली तर समोर बोर्ड : राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. रोजचा रस्ता, पण हा बोर्ड कधी नीट वाचलाच नव्हता!

या संस्थेचं मुख्यालय गोव्यात, दोना पावलाला. आपल्या अंधेरीतलं केंद्र किनारे, खाड्या आणि त्यातलं प्रदूषण बघतं. पण संस्थेची खरी फिल्मी स्टोरी आहे 26 जानेवारी 1981ची. दिल्लीत परेड होती, आणि इकडे संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने समुद्रतळावरून काळे गोळे वर काढले. नाव भारदस्त, पॉलिमेटॅलिक नोड्यूल्स. दिसायला मात्र थेट करपलेले बटाटे. आत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट आणि किंचित रेअर अर्थ धातू. म्हणजे तुमच्या-माझ्या फोनचा आणि इलेक्ट्रिक स्कूटरचा कच्चा माल!

1987 साली भारताला या कामातला 'पायोनियर इन्व्हेस्टर' म्हणून मान्यता मिळाली. आज मध्य हिंदी महासागरातला 75,000 चौरस किलोमीटरचा पट्टा शोधकामासाठी आपल्याकडे आहे. म्हणजे जवळपास पाव महाराष्ट्र, तोही पाच किलोमीटर पाण्याखाली. तिथे अंदाजे 38 कोटी टन 'बटाटे' पडलेत. 2021 साली सरकारने 4,077 कोटींचं डीप ओशन मिशन मंजूर केलं. तीन माणसांना 6,000 मीटर खाली नेणारी 'मत्स्य 6000' त्याच मिशनची. चेन्नईच्या संस्थेने त्याच वर्षी 'वराह' नावाचं यंत्र 5,270 मीटरवर चालवूनही पाहिलं. अवतारांचा क्रम चुकला नाही बघा!

घाई का, तेही कळतं. एप्रिल 2025मध्ये चीनने काही रेअर अर्थ धातू आणि मॅग्नेटच्या निर्यातीवर बंधनं आणली, आणि आपल्या गाड्यांच्या कंपन्यांना घाम फुटला. दुसऱ्याच्या मर्जीवर किती दिवस जगायचं?

पण थांबा. हा बटाटा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं घेतो. 1989 साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या समुद्राचा तळ मुद्दाम नांगरून पाहिला. 2015 साली परत गेले, तर नांगराच्या चऱ्या जशाच्या तशा! आपल्या गोव्याच्या शास्त्रज्ञांनीही 1997 साली आपल्या पट्ट्यात तळ ढवळून असाच प्रयोग केला. आधी परिणाम बघू, मग खोदू, हा त्यामागचा फंडा. मला तो सॉलिड पटला.

शनिवारी अंधेरी स्टेशनबाहेरच्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने फोन उघडून चिमटीत एक इवलीशी मोटर धरली. "मॅडम, यातला मॅग्नेट आहे ना, तो हलला की असा आवाज येतो." दहा मिनिटांत मोटर बदलली. घरघर बंद, तीन संध्याकाळींचं टेन्शन खल्लास.

घरी येऊन ड्रॉवर उघडला. चार जुने फोन, दोन हेडफोन, एक मेलेला पॉवर बँक. प्रत्येकात कुठल्यातरी खाणीतून आलेला धातू, वर्षानुवर्षं नुसता पडून. सगळं पिशवीत भरून ई-वेस्टवाल्याकडे दिलं.

माझ्या एका पिशवीने देशाची मॅग्नेटची गरज भागणार नाही, ठाऊक आहे. उद्या खाली उतरावंही लागेल कदाचित. पण पाच किलोमीटर खाली हात घालण्याआधी निदान हातभर अंतरावरचा ड्रॉवर तरी उघडू या?

तुमच्या ड्रॉवरमध्ये किती आहेत?