भाकिताचा ताळा

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला शेतकऱ्यांची रीघ लागते. रात्रभर शेतात मांडून ठेवलेला घट पाहून तिथल्या वाघ घराण्यातले महाराज पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. अठरा धान्यांपैकी कोणतं हललं, मधल्या चार ढेकळांतलं कोणतं किती भिजलं? एकेक ढेकूळ म्हणजे पावसाचा एकेक महिना. घटात ठेवलेल्या पुरीवरून पृथ्वीवरची संकटंही सांगतात. या रिवाजाच्या बाजूने एक सवाल हमखास येतो : हवामान खात्याचंही चुकतंच की, मग आमच्या घटानेच काय घोडं मारलं?

चुकतं, यात वाद नाही. 2009 च्या एप्रिलमध्ये खात्याने सरासरीच्या 96 टक्के मान्सून सांगितला. पडला 78 टक्के. पण ही चूक मोजता आली, कारण अंदाज आकड्यात होता आणि पडलेला पाऊसही खात्यानेच मोजून जाहीर केला. घटाच्या ‘कुठे कमी, कुठे जास्त’ या भाकिताचा ताळा ऑक्टोबरात कोण आणि कसा करणार? ते कधी खोटं पडत नाही, हीच त्याची खोट. 22 जुलै 2023 ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पुराने शेतं खरवडून नेली. अशा दिवशी ‘जुलैत पाऊस चांगला’ हे खरं ठरूनही कुणाचं एक वासरू वाचत नाही. तिथे दिवस, तास आणि नाल्याचं नाव लागतं.

म्हणून घट बंद करा, म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. बोलावणं न धाडता एवढे शेतकरी कोणत्या सरकारी मेळाव्याला येतात? कृषी खात्याने तिथेच टेबल टाकावं आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप येणाऱ्यांच्या फोनवर उतरवून द्यावं. जवळपास वीज पडत असेल तर ते सावध करतं. पावसात निंबाखाली उभं राहण्याची खोड मोडायला एवढं पुरे. साध्या फोनवाल्यांसाठी कोतवालाची दवंडी आहेच.

यंत्रांचे भाट मात्र एक गोष्ट सांगत नाहीत. नागपूरचं हवामान रडार भेंडवळपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा किरण इथवर येईतो बराच उंच गेलेला असतो. ढगाच्या पोटात काय शिजतंय ते त्याच्या खालूनच निसटतं. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक बसली आहेत. 24 तासांत 65 मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टीची नोंद होते आणि पंचनामे सुरू होतात. नुकसान मोजायला हे ठीक. पण सातपुड्याचे नाले काही तासांत फुगून खाली येतात. पर्जन्यमापकं हवीत ती वर, अंबाबरवा अभयारण्याच्या चढावर. तिथला आकडा मर्यादा ओलांडताच खालच्या गावात भोंगा वाजला पाहिजे, रात्रीचे दोन वाजले असले तरी.