अडखळणारी बाई खोटी कशी?

मागच्या पावसाळ्यात नळावरच्या मारहाणीच्या एका प्रकरणात फिर्यादी ताईंसोबत मी पोलीस ठाण्यात बसले होते. ताई सांगत होत्या, "आधी शिवी दिली... नाही, आधी हंडा लाथाडला, मग शिवी दिली." ठाणे अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. "बाई, नीट आठवून सांगा. घडीघडी बदलू नका." त्यांच्या मनात निकाल लागला होता.

नजर चुकवतो, अडखळतो तो खोटारडा, हा समज आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलेला आहे. मानसशास्त्र मात्र वेगळं सांगतं. २००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी दोनशेहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतातच! ज्यांचं हे रोजचं काम आहे, तेही सामान्य माणसाहून सरस ठरले नाहीत.

मग पाहायचं काय? चेहरा नव्हे, शब्द. जर्मनीत बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांसाठी जबाब तपासण्याची एक पद्धत तयार झाली. स्वतःहून केलेली दुरुस्ती, "हे आठवत नाही" अशी कबुली, त्या वेळचं बोलणं जसंच्या तसं सांगणं, या गोष्टी तिथे खरेपणाच्या बाजूने धरल्या जातात. ही पद्धतही अचूक नाही. पण तिच्या कसोटीवर ताईंचं "नाही, आधी हंडा" हे वाक्य त्यांच्या बाजूचं आहे, विरुद्ध नाही.

प्रश्न जातीचाही आहे. ज्यांना पिढ्यानपिढ्या मान खाली घालून बोलायला लावलं, त्यांचीच खाली गेलेली नजर आज खोटेपणाचा पुरावा ठरते. पाटलाचा मुलगा खुर्चीत रेलून न अडखळता बोलतो, तो मात्र खरा! 'खोट्या केसेस'ची ओरड याच संशयावर पोसली जाते. २०१८ मध्ये गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट आली तीही गैरवापराच्या भीतीनेच. समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा त्याच वर्षी कलम १८-अ आणून ती काढावी लागली.

पण मित्रांनो, आपणही चुकतो. मदत म्हणून आपण साक्षीदारांकडून जबाब पाठ करून घेतो. पाच जणांच्या तोंडी एकच वाक्य आलं की आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवतो आणि खरी केसही संशयात सापडते.

म्हणून फिर्यादीला तिच्या भाषेत, मध्ये न तोडता बोलू द्या. "मग काय झालं?" एवढंच विचारा. जागा, वेळ, उच्चारलेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही होऊ देऊ नका. कोर्टात कलम १५-अ (१०) प्रमाणे कार्यवाहीच्या व्हिडिओ चित्रीकरणाची मागणी करा.

आणि न घडलेलं एक अक्षरही घालू नका. 'मुसावादा वेरमणी' आपण रोज म्हणतो, ते ठाण्याच्या पायरीवरही लागू आहे. आपलं सत्य अडखळत आलं तरी चालेल, ते आपलंच असलं पाहिजे.

जय भीम!