शहापूरचे पाणी, मुलुंडची विद्या

मुंबईची तहान भागविण्यासाठी शहापूर तालुक्यातील तानसा तलाव बांधून पूर्ण झाला तो १८९२ साली. पुढे वैतरणेवर मोडकसागर आला, त्यामागून भातसा आले, आणि या जलाशयांचे पाणी प्रचंड जलवाहिन्यांतून शहरात आणणारी जी यंत्रणा उभी राहिली, तिचे स्मरण मुलुंडच्या नागरिकास नळ कोरडा पडल्याखेरीज सहसा होत नाही. ज्या तालुक्यात ही धरणे आहेत तेथील पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, ही विसंगती वर्तमानपत्रांतून दरवर्षी छापून येते. त्याच तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचा किंवा संख्याशास्त्राचा अध्यापक वर्षानुवर्षे नेमलाच जात नाही आणि त्याचा विषय तासिका तत्त्वावर आलेला दुसराच कोणी कसाबसा उरकून नेतो, ही टंचाई मात्र बातमीचा विषय होत नाही. पाण्याच्या मोबदल्यात विद्या द्यावी असा वाण्याचा हिशेब मांडण्याची माझी इच्छा नाही. पण कोणी तो मांडलाच, तर बाकी कोणाच्या नावावर निघेल हे सांगावयास नको.

मुलुंडच्या पदरी या बाबतीत बरेच काही आहे. पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनचे वाणिज्य महाविद्यालय येथे १९७० साली निघाले, केळकर ट्रस्टचे वझे महाविद्यालय १९८४ साली. दोन्ही आज स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आखण्याचा व परीक्षा घेण्याचा पुष्कळसा अधिकार त्यांच्या हाती आहे. कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांतून वासिंद, आसनगाव, टिटवाळ्याची मुले मुंबईतल्या महाविद्यालयांत शिकावयास येतात, हेही खरे. परंतु जो येऊ शकतो त्याचा प्रश्न मुळात अर्धा सुटलेलाच असतो. स्थानकापासून दहा-पंधरा कोसांवरच्या पाड्यातील जी मुलगी बारावी झाली, जिच्या गावाहून सकाळची एसटी कधी येते, कधी येत नाही आणि परतीची चुकली तर रात्र कोठे काढावयाची याचे उत्तर घरात कोणापाशी नसते, तिच्यापर्यंत महाविद्यालय कसे पोचावे, हा खरा प्रश्न आहे. २०२४ साली शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, ते स्तुत्यच होय. तथापि शुल्काची माफी अंतराची माफी नव्हे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि तिच्या पोटगीसाठी घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूस काढावे अशी मुष्टिफंडाची तजवीज केली, तेव्हा सहकार्य हा शब्द सरकारी परिपत्रकांत रुळलेलाही नव्हता. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभे राहिले ते याच पुण्याईवर. जे. पी. नाईक यांनी गारगोटीस मौनी विद्यापीठाचा पाया घातला. भारत सरकारने १९५६ साली ग्रामीण उच्चशिक्षणासाठी स्वतंत्र परिषद नेमून ठिकठिकाणी ग्रामीण संस्था चालविल्या, त्यांत गारगोटीचाही समावेश होता. त्या प्रयोगाचे पुढे जे झाले ते आज आवर्जून आठवावे. खेड्यासाठी वेगळी पदविका, वेगळा अभ्यासक्रम, अशी ती योजना होती. हेतू उदात्त होता, पण नोकरीच्या बाजारात त्या पदविकेस पदवीची बरोबरी लाभेना, आणि अखेरीस त्या संस्थांना नेहमीच्या विद्यापीठांचाच आश्रय घ्यावा लागला. खेडूत पालकाला आपल्या मुलासाठी खेड्याची पदवी नको होती, सर्वांना मिळते तीच हवी होती. यात त्याचे काय चुकले?

हा धडा ज्यांनी गिरवला त्यांत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९८९ साली राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली ते सुरू झाले, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदापेक्षाही मोलाची अशी एक साधी युक्ती त्याने अमलात आणली: गावोगावी स्वतःचे इमले न बांधता तेथे आधीपासून असलेल्या महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे उघडली. तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी असे एखादे संपर्कसत्र भरलेले पाहावे. फळ्यावर शनिवारच्या तासाचे अर्धवट पुसलेले समीकरण असते. पहिल्या बाकावर अंगणवाडी सेविका, तिच्या मागे रात्रपाळी करून आलेला सुरक्षारक्षक, खिडकीपाशी तान्ह्या मुलाला आईच्या हवाली करून आलेली सून. आणि समुपदेशक म्हणून उभे असलेले गृहस्थ म्हणजे त्याच महाविद्यालयात आठवडाभर शिकविणारे प्राध्यापक. स्वाध्याय कोणाचा राहिला, का राहिला, हे त्यांना ठाऊक असते, कारण गाव एक, बाजार एक. ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोण म्हणेल? कित्येक केंद्रांत संपर्कसत्रे कागदावरच पार पडतात आणि मार्गदर्शक पुस्तिकांचे दुकान तेवढे तेजीत चालते. तरीही जेथे ती नीट चालली, तेथे ती त्या समोरच्या ओळखीच्या माणसामुळे चालली, हे नाकारता येत नाही.

म्हणूनच, सर्व काही पडद्यावर उपलब्ध असताना माणसाची गरजच काय, असे विचारणाऱ्या विद्वानांपुढे मी हात टेकतो. २०१७ पासून ‘स्वयम्’ या मंचावर देशातील नामांकित अध्यापकांची व्याख्याने ऐकावयास मिळतात, आणि त्यांतली काही खरोखर उत्तम आहेत. परंतु २०२०च्या टाळेबंदीत मोबाइलला रेंज मिळावी म्हणून मुले टेकडीवर जाऊन बसत होती, ते चित्र फार जुने झालेले नाही. आज रेंज सुधारली असली, तरी व्याख्यान ऐकून मनात उठलेली शंका विचारावयाची कोणाला, ही अडचण मनोऱ्यांची संख्या वाढवून दूर होण्यासारखी नाही.

शहर आणि खेडे यांच्यातील शैक्षणिक सहकार्याचे आपल्याकडे दोन प्रकार रूढ आहेत. पहिला सामंजस्य कराराचा. दोन प्राचार्य, एक शाल, एक श्रीफळ, छायाचित्र आणि मूल्यांकन समितीच्या दप्तरात एका कागदाची भर. याहून अधिक त्यावर लिहिण्याचे कारण नाही. दुसरा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा, आणि त्याविषयी मला आदर आहे. उपनगरांतील मुले हिवाळ्यात शहापूर-मुरबाडकडे दत्तक गावी जातात, जिल्हा परिषदेच्या शाळेत सात दिवस मुक्काम करतात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात, संध्याकाळी देवळासमोर पथनाट्य करतात. मुलांच्या हातांना फोड येतात आणि डोळेही थोडे उघडतात. पण त्या गावातील बारावी झालेल्या मुलाला या सात दिवसांतून काय मिळते? बंधाऱ्याला पाणी राहिले तर भाजीपाला. गणित नव्हे.

माझी सूचना त्या मानाने अगदीच रुक्ष आहे. दोन श्रेयांकांच्या विषयाला तीस तास लागतात. शनिवारी पाच तास धरले तर सहा शनिवार. मुलुंडहून आसनगाव लोकलने साधारण सव्वा तास, तेथून शहापूर रिक्षाने काही मिनिटे. मुलुंडच्या अध्यापकाने एका सत्रात सहा शनिवार तेथील महाविद्यालयात एक विषय शिकवावा, मधल्या दिवसांत तेथलाच अध्यापक त्या वर्गाला सांभाळील, आणि प्रयोगशाळेच्या कामासाठी तेथील मुलांनी दिवाळीनंतर आठवडाभर मुलुंडास यावे. ठाणे व पालघर हे दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत आहेत. २०२१ पासून श्रेयांकांची पेढी अस्तित्वात आल्याने एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरीत जमा होऊ शकतात. तेव्हा कायद्याचा आडोसा घेण्याची सोय आता फारशी उरलेली नाही. उलट दिशेनेही काही यावे. वनहक्क कायदा २००६ साली झाला, सामूहिक दावे कसे दाखल होतात, ग्रामसभा काय ठरविते, हे मुलुंडच्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा शहापूर-जव्हारचा अध्यापक अधिक नीट सांगेल, आणि त्यासाठी त्याला स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळावर रीतसर जागा मिळाली पाहिजे. पाहुणा म्हणून नव्हे, मताच्या अधिकारासह.

अडचण आहे ती दफ्तरी. अध्यापकाचे शनिवारचे पाच तास त्याच्या साप्ताहिक कार्यभारात धरले जाणार नसतील तर तो पहिल्या सत्रात उत्साहाने जाईल आणि दुसऱ्या सत्रात त्याची प्रकृती बिघडेल. तासिका तत्त्वावरील माणसाला तर मोजलेल्या तासाचेच मानधन, तेही महिनोन्‌महिने थकलेले. त्याला मधल्या दिवसांच्या सांभाळाचे पैसे कोणत्या खात्यातून मिळणार, हे आधी ठरले पाहिजे. विद्यापीठाने जूनपूर्वी एक परिपत्रक काढून हे तास कार्यभारात मोजण्यास मंजुरी द्यावी, आणि प्रवासभत्त्याचा व मानधनाचा बोजा यजमान महाविद्यालयावर न टाकता आपल्या अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली धरावा. लोकलचे भाडे, रिक्षा, सहा शनिवारांचे जेवण: रक्कम इतकी किरकोळ आहे, की तिच्यावर अधिसभेत चर्चा करावयास लागणारा वेळच तिच्याहून महाग पडेल.