हायकोर्ट कोल्हापुरात आलं, पण लेकराची बाजू मांडणार कोण?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. सांगलीहून मुंबई म्हणजे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर पन्नासेक. यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी वर्षानुवर्षे आंदोलनं केली होती, त्यामुळं झालेला आनंद रास्तच आहे.

पण कोर्टातल्या एका माणसाला या अंतरानं फारसा फरक पडत नाही. नवरा-बायकोचं फाटतं, मुलाच्या ताब्याचा अर्ज लागतो, दोन्ही बाजूंनी वकील उभे राहतात. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, ते लेकरू मात्र त्या अर्जात पक्षकार नसतं. कागदावर त्याचा उल्लेख फक्त 'अज्ञान' असा येतो. त्याच्या बाजूनं बोलायला तिथं कुणीच नसतं.

जमिनीला पालनकर्ता, जिवाला कोण?

सातबारा तर आपण सगळेच बघतो. त्यावर लहान मुलाचं नाव असलं की पुढं 'अ.पा.क.' लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या स्वतःच्या मालकीची जमीन विकायची झाली, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ८ प्रमाणं आईबापालाही आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. जमिनीच्या दाव्यात अज्ञान मूल प्रतिवादी असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नुसार कोर्टाला त्याच्यासाठी पालक नेमावा लागतो. त्या पालकाचं हित मुलाच्या हिताच्या विरुद्ध असता कामा नये, अशी अटही आहे.

म्हणजे दोन एकर जिरायत जमिनीसाठी कायदा मुलाच्या बाजूनं माणूस उभा करतो. पण तेच मूल कुणाजवळ राहणार, कुठल्या शाळेत जाणार, रात्री कुणाच्या कुशीत झोपणार, हे ठरत असताना त्याच्यासाठी स्वतंत्र माणूस नेमायची सक्ती कुठंच नाही. कायद्याची ही फट तालुक्याच्या कोर्टात रोज दिसते.

एक उदाहरण धरू

हे कुणा एका घराचं नाही, पण आपल्या भागातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. बाप खानापूर-आटपाडी पट्ट्यातला, गलाईच्या धंद्यात परराज्यात. आई जत तालुक्याच्या पूर्व भागातली, मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली. ऊसतोडीचा हंगाम लागला की तिचे आईवडील टोळीबरोबर जातात. नऊ वर्षांचा पोरगा सासरच्या गावात आजीकडं आहे. त्याची धाकटी बहीण आईजवळ.

बापाचा वकील सांगणार, आईला उत्पन्न नाही, घरात माणूस नाही. आईचा वकील सांगणार, बाप इथं राहतच नाही, पोरगं म्हातारीच्या गळ्यात टाकलंय. दोन्ही वकील आपापल्या पक्षकाराशी इमानदार आहेत, त्यांची चूक नाही. पण पोरगा वर्षभरात शाळेत किती दिवस गेला? बहिणीपासून तुटल्यावर तो कसा वागतो? बापाचा मार त्यानं डोळ्यांनी बघितलाय का? हे प्रश्न विचारणं कुणाच्याच वकीलपत्रात बसत नाही. त्यात पूर्व जतमधलं पोर घरी कन्नड बोलणारं असलं, तर कोर्टातला मराठी प्रश्न त्याच्यापर्यंत नीट पोचतो का, हे बघणाराही कुणी नसतो.

न्यायाधीश मुलाला विचारू शकतात. पालक व पाल्य कायदा १८९० च्या कलम १७ मध्ये, मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते असं म्हटलंय. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ सुद्धा ताब्याचा आदेश शक्य तिथं मुलाच्या इच्छेला धरून असावा असं सांगतं. २००८ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं तर खालच्या दोन कोर्टांचा आदेश फिरवला. आई वारलेली, तिच्या मृत्यूबद्दल बापावर फौजदारी खटला, मूल आजोळी. तरी ताबा बापाला दिला गेला होता. मुलाची इच्छा आणि ताबा मागणाऱ्याचं चारित्र्य डावलून चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं आणि मूल आजी-आजोबांकडंच ठेवलं.

अडचण पुढंच आहे. सकाळी आजीचं बोट धरून आलेलं आणि संध्याकाळी आजीबरोबरच परत जाणारं पोर दहा मिनिटांत न्यायाधीशांना काय सांगणार? बऱ्याचदा घरी पढवलेलंच. मूल खोटं बोलतं असं नाही. ज्याच्या घरात भाकरी खायची त्याच्या विरोधात बोलायची त्याची टाप नसते. म्हणून आधी दोन-तीनदा निवांत भेटलेला, शाळेत जाऊन हजेरीपट बघितलेला, गुरुजींशी आणि अंगणवाडी सेविकेशी बोललेला कुणीतरी लागतो.

पोक्सोमध्ये आहे, मग इथं का नाही?

हे आपल्या कायद्याला जमणारच नाही असं नाही. पोक्सो कायदा २०१२ बघा. पीडित मुलाला उलटतपासणीतला प्रश्न वकील थेट विचारू शकत नाही, तो न्यायाधीशांमार्फत जातो. सुनावणी बंद दाराआड होते. आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये ही कोर्टाची जबाबदारी असते. कलम ४० नं कुटुंबाला स्वतःचा वकील घ्यायचा हक्क दिलाय आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणानं तो द्यायचा. शिवाय २०२० च्या नियमांप्रमाणं साहाय्यक व्यक्ती मिळते, जी तपासापासून खटल्यापर्यंत मुलाच्या सोबत असते.

तेच मूल आईबापाच्या भांडणात सापडलं की यातलं काहीच आपोआप मिळत नाही.

इंग्लंडमध्ये कौटुंबिक खटले चालवणाऱ्या बॅरिस्टरांची कामाची पद्धत या बाबतीत बघण्यासारखी आहे. तिथं १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टनुसार, सरकारी यंत्रणा मुलाला आईबापापासून काढून घ्यायला कोर्टात गेली, तर मूल स्वतः पक्षकार असतं. कोर्ट त्याच्यासाठी एक पालक-अधिकारी नेमतं. हा अधिकारी मुलाला भेटून माहिती काढतो, सॉलिसिटर कागद तयार करतो आणि बॅरिस्टर मुलाच्या वतीनं कोर्टात बोलतो. आईबापाचे वकील वेगळे. २०२१ च्या घरगुती अत्याचारविरोधी कायद्यानं तर अत्याचाराचा आरोप असलेल्या माणसाला पीडितेची उलटतपासणी स्वतः घेण्यावर बंधनं घातली, त्यासाठी कोर्ट वेगळा वकील नेमू शकतं.

तिथंही सगळं छान आहे असं समजायचं कारण नाही. आईबापाच्या साध्या ताब्याच्या भांडणात तिथंही प्रत्येक मुलाला वकील मिळत नाही, गुंतागुंतीच्या प्रकरणातच मिळतो. आणि २०१३ पासून अशा बहुतेक खासगी कौटुंबिक दाव्यांतून सरकारी खर्चाची वकिली काढून घेतली गेली. आज तिथं कित्येक बायका वकिलाशिवाय उभ्या राहतात.

इथं आपला कायदा एक पाऊल पुढं आहे, आणि हेच आपल्याकडं लोकांना माहीत नाही.

फुकट वकील हा हक्क आहे

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला, याची यादी आहे. त्यात स्त्री आणि मूल यांना उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याची दहा एकर बागायत असली तरी बाईला आणि लेकराला वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडं, म्हणजे तालुक्याच्या कोर्टातच करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. नेमलेला वकील पक्षकाराकडून पैसे मागू शकत नाही. कोणी मागितले तर समितीकडं तक्रार करायची.

आणखी तीन गोष्टी गावात सांगायला हव्यात.

एक, पोटगी. पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं होतो. जुनं कलम १२५ ते हेच. मुलाचा हक्क त्याचा स्वतःचा आहे, आईबापाचं लग्न कायदेशीर होतं की नव्हतं याच्याशी त्याचा संबंध नाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. मात्र थकबाकी वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. 'बघू, देईल कधीतरी' म्हणत थांबलं की पैसे बुडतात.

दोन, तात्पुरता ताबा. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षणाचा अर्ज केला असेल, तर कलम २१ प्रमाणं तालुक्याचं कोर्टच मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतं. आणि हा अर्ज बाई सध्या राहते तिथं, म्हणजे माहेरच्या तालुक्यातही चालतो. सासरच्या गावी जायची गरज नाही.

तीन, मूल कायमचं कुणाजवळ असावं याचा पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत, तोही मूल नेहमी राहतं त्या भागातल्या. आजी-आजोबाही तो करू शकतात.

करता येईल असं

आक्षेप घेतला जाईल की आधीच तारखांवर तारखा, त्यात तिसरा वकील आला की खटला आणखी लांबणार. आक्षेप खोटा नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणात वकील नकोच. जिथं दोघांचं जमतंय तिथं मध्यस्थीनं मिटू दे. पण जिथं मारहाणीचा आरोप आहे, भावंडं तुटलीत, मूल तिसऱ्याच माणसाकडं आहे किंवा त्याला अपंगत्व आहे, तिथं मुलासाठी वेगळा वकील हवाच. असा वकील पहिल्या दोन महिन्यांत शाळेचा आणि घराचा खरा अहवाल देऊ शकला, तर उलट पुढचे आरोप-प्रत्यारोप कमी होतील.

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. मूल मोफत वकिलाला पात्र आहेच. न्यायाधीशांनी विधी सेवा समितीला विचारायचं, समितीनं पॅनेलवरचा वकील द्यायचा. प्रत्येक तालुक्यात असे दोन-तीन वकील मुलांशी बोलायचं प्रशिक्षण देऊन तयार ठेवता येतील, जतमध्ये त्यातला एक कन्नड बोलणारा असावा. अर्थात त्यांना पुरेसं मानधनही द्यावं लागेल. गावोगाव फिरून, शाळेत जाऊन करायचं काम एका तारखेच्या पैशात होत नाही.

भारतानं ११ डिसेंबर १९९२ ला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याचं कलम १२ सांगतं की मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, थेट किंवा प्रतिनिधीमार्फत. त्याला तीन दशकांहून जास्त काळ झाला. तोवर एक काम गावानंही करता येण्यासारखं आहे. ताब्याच्या भांडणात सापडलेलं पोर शेजारी असेल, तर सरपंच, गुरुजी, आशाताई, कुणीही त्या घरच्या माणसाला तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवावा, आणि अर्जात एक ओळ आवर्जून घालायला सांगावी: 'मुलासाठी स्वतंत्र वकील नेमावा.'