मेणाचा नायक विकत घेऊ नका

आवडता चित्रपट नव्या तबकडीवर आला, की आमचा रसिक डोळे मिटून खिशात हात घालतो. पाहण्याची वस्तू, आणि खरेदी न पाहता!

‘प्रेडेटर’ हा १९८७ सालचा अमेरिकन मारधाडपटच घ्या. मेक्सिकोच्या जंगलात तो फिल्मवर चित्रित झाला. त्याची २००८ सालची ब्लू-रे तबकडी जरा खरखरीत होती. पण फिल्मचे कण तिच्यात शाबूत होते. २०१० साली ‘सुधारलेली’ तबकडी आली. तिच्यात हे कण यंत्राने पुसले. त्यांच्याबरोबर कातडीवरच्या बारीक रेषाही गेल्या. श्वार्झनेगरसारखा गडी मेणाचा बाहुला झाला!

कोणी म्हणेल, “चित्र स्वच्छ झाले ना?” अहो, कण म्हणजे चित्रावर बसलेली धूळ नव्हे, फिल्मवरचे चित्रच कणांचे बनलेले असते. बेसनाचा लाडू रवाळ लागतो म्हणून कोणी त्याची लापशी करते काय?

तेव्हा वेष्टनावरच्या ‘नवी आवृत्ती’ या अक्षरांना भुलू नका. ज्याने तबकडी घेतली असेल त्याच्याकडे ती आधी लावून पाहा. नायकाच्या कपाळावर घाम दिसला तर खुशाल पैसे मोजा. मेण दिसले, तर जुनीच बरी!