‘समृद्धी टच’ प्लॉट आणि आमचे बाबा

शनिवारी उशिरा उठून चहाचा कप हातात घेतला आणि मोबाईल उघडला, तर शाळेच्या ग्रुपवर एक जाहिरात येऊन पडलेली. अकोल्याबाहेर नवीन लेआउट. ‘समृद्धी टच एनए प्लॉट्स! निसर्गाच्या कुशीत तणावमुक्त जीवन, ताजातवाना मेंदू!’ सोबत हिरव्यागार लॉनवर ध्यान लावून बसलेलं जोडपं. ते लॉन अकोल्यातलं नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मे महिन्यात आमच्याकडे असं उघड्यावर बसलं तर माणसाचा पापड होतो राव. मे २०२४मध्ये पारा ४५च्या पुढे गेला तेव्हा अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं!

बरं, ‘समृद्धी टच’ म्हणजे काय? समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो आणि त्यात अकोला जिल्हा नाहीच. अमरावती जिल्ह्यातून तो वाशीमकडे वळतो, तिथून बुलडाण्यात. आम्हाला त्याचा वारासुद्धा लागत नाही. पण ग्रुपवर पंधरा मिनिटांत अकरा अंगठे आले आणि तिघांनी ‘रेट?’ म्हणून विचारलं. तिघंही इंजिनिअर. ऑफिसात दुसऱ्याच्या कोडमधला एक स्वल्पविराम सोडत नाहीत, इथे नकाशासुद्धा उघडून बघितला नाही.

अमरावतीकरांची गोष्ट जरा वेगळी, त्यांच्याकडे दाखवायला खरोखर काहीतरी आहे. १६ एप्रिल २०२५ला बेलोऱ्याहून मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उडालं. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेत, पीएम मित्रा टेक्सटाइल पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४मध्ये झालं. (आम्ही अकोलेकर शिवणीची धावपट्टी वाढणार, हे चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. असो.) त्यामुळे कॉलेजातला माझा अमरावतीचा मित्र सध्या हवेत आहे. तोही पुण्यातच, माझ्यासारखाच खुर्ची झिजवतो. त्याचा बेत असा, की गाडगेनगरचं जुनं घर विकायचं, रहाटगावच्या पुढे आईला रो-हाऊस घ्यायचं आणि उरलेल्या पैशात कर्ज घालून बेलोऱ्याकडे एक प्लॉट.

“अबे, एअरपोर्ट आला ना! रेट पाह्य कसे चालले. आता नाही घेतला त जिंदगीभर रडशील.”

मी म्हटलं, विमान सुरू झालं तेव्हा आठवड्यातून तीन दिवस होतं. तुझी आई त्यातून भाजी आणायला जाणार आहे का?

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. आपण पुण्या-मुंबईत पगार घेणारी वऱ्हाडची पोरं आपल्याच गावांची वाट लावतोय. ज्या प्लॉटवर आपण कधी राहणार नाही तो घेतो आणि भाव चढवतो. मग तिथेच शिक्षक, दुकानदार, नर्स म्हणून राहणाऱ्या माणसाला शहरात जागा परवडत नाही आणि तोही लांब लांब फेकला जातो. कठोरा रोडनं किंवा अकोल्याच्या बायपासनं कधी फिरून बघा. दगडी खांब, तारेचं कुंपण, कमानीवर झकास नाव आणि आत गाजरगवत. दहा टक्के ओपन स्पेस नियमानुसार सोडलेली असते, तिथे शेळ्या चरतात. शेळ्यांच्या मेंदूला ताजेपणा येत असेल तर कल्पना नाही :)

‘अरे, पण टॅक्स वाचतो’ असं सांगणाराही एक असतोच. नुसत्या प्लॉटच्या कर्जावर व्याजाची सूट मिळत नाही साहेब, आधी घर बांधून पूर्ण करावं लागतं. वीस लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता सुमारे १८ हजार, एकूण फेड ४३ लाखांच्या वर. एवढं गाजरगवतासाठी!

आणि हप्त्याची काळजी फक्त खिसा खात नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३मध्ये ‘सायन्स’मध्ये आला होता. तेच शेतकरी ऊस विकून पैसे हातात आल्यावर बुद्धीच्या चाचण्यांत चांगले गुण मिळवत, आणि तोडणीआधी, चणचणीच्या दिवसांत, कमी. माणूस तोच, डोकं तेच, फक्त मागे पैशाचा विचार सतत चालू. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकग्राउंडला एक प्रोसेस रॅम खात बसलेली. आणि आपण ती २० वर्षांसाठी सुरू करतो, वर ‘तणावमुक्त जीवन’ म्हणून पेढे वाटतो.

आता मी हे एवढं तावातावानं का लिहितोय ते सांगतो. कारण हाच गाढवपणा मी करून बसलोय.

आमचं घर जठारपेठेत होतं. जुनं, मागे कडुनिंब, नळाला काही दिवसांआड पाणी. तीन वर्षांपूर्वी मी ते विकायला लावलं आणि शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये आईबाबांना रो-हाऊस घेऊन दिलं. सरप्राइज म्हणून. टोकन भरल्यावर सांगितलं! मॉड्युलर किचन, कार पार्किंग, सगळं होतं. बाबा गाडी चालवत नाहीत हे पार्किंग घेताना आठवलं नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीला तिरकी भेग गेली. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, पाया त्या हिशोबानं घ्यावा लागतो, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला माहीत असतं. मी ब्रोशर वाचलं, मिस्त्रीला विचारलं नाही. बोअर मारलं तर पाणी खारट. अकोट रोडनं पूर्णेकडे सरकलं की खारपाणपट्टा लागतो हे आपण भूगोलात शिकलोय. पाच मार्कांना होता तो प्रश्न. उन्हाळ्यात वर स्लॅब, आसपास एक झाड नाही. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहतं आणि झोप लागायला तर शरीराचं तापमान उतरावं लागतं. बॉस्टनमध्ये २०१६च्या उष्णतेच्या लाटेत ४४ तरुण विद्यार्थ्यांची चाचणी घेतली होती. एसी नसलेल्या खोल्यांत झोपणाऱ्यांची सकाळची प्रतिक्रिया सुमारे १३ टक्के संथ निघाली. ती विशीतली पोरं, बॉस्टनमध्ये. माझे वडील सत्तरीतले, अकोल्यात.

पण भेग बुजवता येते, एसी लावता येतो. जे गेलं ते वेगळंच. जठारपेठेत बाबा रोज सकाळी वाचनालयात जायचे, येताना चहाच्या टपरीवर तासभर राजकारण, संध्याकाळी कट्टा. दिवसातून तीस-चाळीस माणसांशी बोलणं व्हायचं, त्यातल्या निम्म्यांशी भांडण. आता रिक्षाला दीडशे रुपये म्हणून जात नाहीत. शेजारची चार घरं कुलूपबंद, मालक पुण्यात. म्हणजे माझ्यासारखेच. ‘लॅन्सेट’च्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिलीत. त्यात एकटेपणा आहे, व्यायामाचा अभाव आहे, नैराश्य आहे, कमी ऐकू येणं आहे. जठारपेठेत बाबांना कमी ऐकू येतं हे पहिल्यांदा टपरीवाल्यानं ओळखलं होतं. इथे कोण ओळखणार?

फोन केला की म्हणतात, “बरं हाये सारं. हवा लय हाये.” मागच्या आठवड्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली. म्हातारी माणसं सांगतातच, मान्य. पण मी फोन ठेवल्यावर बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

जठारपेठेत परत भाड्यानं घर बघतोय. दोन खोल्या, तळमजला, वाचनालय चालत. भाडं माझ्या हप्त्यापेक्षा कमी आहे. रो-हाऊसला गिऱ्हाईक नाही. ज्यानं ‘भाव दुप्पट होईल’ सांगितलं होतं तो एजंट फोन उचलत नाही.

मित्राला हे सगळं सांगितलं. म्हटलं, घ्यायचाच असेल तर आधी महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघ, सातबारा आणि एनएचा आदेश वकिलाला दाखव, नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर दमडी देऊ नकोस, तसा कायदाच आहे. पण त्याआधी गाडगेनगरच्या घराची डागडुजी करून बघ. गच्चीला पांढरा रंग मार, बाथरूममध्ये धरायला दांडा बसव. प्लॉटच्या एका वर्षाच्या हप्त्यांत होईल.

“टोकन बुधवारी हाये,” तो म्हणाला.

“आईला विचारलंस?”

“विचारतो ना बे. पहिले टोकन होऊ दे. सरप्राइज देऊ म्हटलं.”